सावली किती उचलावी?

एकाच वस्तूला तीन भाषांनी तीन नावे दिली आहेत. मराठीत आपण छायाचित्र म्हणतो. उर्दूत तसवीर हा शब्द आहेच, पण अक्स हाही शब्द चालतो आणि छायाचित्र काढणाऱ्याला अक्कास म्हणतात. इंग्रजीतला फोटोग्राफ हा शब्द ग्रीकमधून आला, त्याचा अर्थ प्रकाशाने लिहिलेले. म्हणजे मराठीने छाया पाहिली, उर्दूने प्रतिबिंब पाहिले आणि ग्रीकने प्रकाश पाहिला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. प्रकाशाचे परावर्तन हा धडा आमच्याकडे 'नूर का इनइकास' म्हणून शिकवला जातो. इनइकास, अक्स, अक्कास हे सारे एकाच धातूचे शब्द. धडा शिकवताना हे मुलांना सांगितले की त्यांना गंमत वाटते.

एका फ्लॅशवर आणि एक-दोन रिफ्लेक्टरवर एखाद्याचा चेहरा टिपायला बसले की हे तिन्ही शब्द एकाच खोलीत हजर होतात. फ्लॅश प्रकाश देतो, नाक आणि गालाचे हाड छाया टाकतात, आणि समोर धरलेला पांढरा पुठ्ठा अक्स परत पाठवतो. मग एकच प्रश्न उरतो. ही छाया किती ठेवायची, किती उचलायची, आणि ते ठरवायचे कोणी? वरवर हा प्रश्न फोटोवाल्यांचा आहे. मला मात्र तो नीतीचा वाटतो. ज्या वस्तीत मी राहते आणि शिकवते, तिथे तर फारच.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश समोरून मारला की प्रकाश आणि आपली नजर एकाच दिशेने जातात. चेहऱ्यावर सावली जवळजवळ उरत नाही, ती मागच्या भिंतीवर काळ्या कडेसारखी चिकटते. कपाळ चकाकते, चेहरा थाळीसारखा सपाट होतो. वलीम्याच्या अल्बममध्ये असे चेहरे आपण सर्वांनी पाहिले आहेत. तोच फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूला, डोक्याच्या थोडा वर, स्टँडवर लावला आणि त्याच्यापुढे पांढरी छत्री धरली की चेहऱ्याला उंचसखलपणा येतो. नाकाची सावली गालावर पडते, डोळ्यात उजेडाचा एक ठिपका दिसतो. मात्र दूरची बाजू अंधारात जाते. त्या बाजूला रिफ्लेक्टर धरायचा. तो विकतच आणायला हवा असे नाही. ड्रॉइंग शीट चिकटवलेला पुठ्ठा, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, धुतलेली पांढरी चादर, काहीही चालते. तो जवळ आणला की सावली फिकी होते, दूर नेला की गडद होते. चंदेरी पन्नी लावली तर प्रकाश जोरात परततो, सोनेरी लावली तर चेहरा उबदार दिसतो. आणि काळे कापड धरले तर आहे तोही उजेड गिळला जातो. साहित्य एवढेच. बाकी सारे निर्णय आहेत.

कॅमेरा खोटे बोलत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. पण ज्याच्यावर कुठल्याच दिशेने प्रकाश पडलेला नाही असा चेहरा कोणी पाहिला आहे का? दिशा नसलेला उजेड नसतो. दुपारचे ऊन वरून येते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख करते. ट्यूबलाईट एका बाजूने येते. म्हणजे 'जसा आहे तसा' चेहरा कोणालाच मिळत नाही. मिळतो तो कोणत्या तरी उजेडातला चेहरा. समोरून फ्लॅश मारणारा म्हणतो, मी काहीच केले नाही, बटण दाबले. त्यानेही निर्णय घेतलेलाच असतो, फक्त विचार न करता.

इथे इब्नुल हैसमची आठवण येते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकाच्या आरंभी 'किताबुल मनाज़िर' हा ग्रंथ लिहिला. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्याने मांडले. त्याचा एक प्रयोग साधा आहे. एका छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवायचे. छिद्रापलीकडच्या अंधाऱ्या जागेत प्रत्येक दिव्याचा वेगळा कवडसा पडतो. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच कवडसा नाहीसा होतो. प्रकाश एकमेकांतून जातात, पण एकमेकांत हरवत नाहीत. मला यातून एक नैतिक गोष्ट दिसते. चेहऱ्यावरचा प्रत्येक उजेड कोणी ना कोणी टाकलेला असतो, आणि त्याचा जबाबदार शोधता येतो.

आता आमच्या भागाकडे येते. मुंब्रा, कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका, पलीकडे भिवंडी. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक कुटुंबे मुंब्र्यात येऊन राहिली. अशा वस्तीत माणसाच्या आधी त्याचा फोटो पोचतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, पासपोर्ट, हजचा फॉर्म, रिश्त्यासाठीचा बायोडाटा. ओळखपत्राच्या फोटोचे नियम आपल्याला ठाऊक आहेत. चेहरा समोर, पार्श्वभूमी फिकी, उजेड सारखा, सावली कुठेच नको. हा नियम वाईट नाही. चेहरा पडताळून पाहायचा असतो, म्हणून सावली अडचणीची. पण पडताळणे वेगळे आणि ओळखणे वेगळे.

हा फरक मला एका विद्यार्थिनीच्या घरी नीट कळला. तिचे वडील भिवंडीत लूमवर काम करीत. ते अचानक वारले. घरात भिंतीवर तसवीर लावण्याची रीत नव्हती, आणि आईलाही ती लावायची नव्हती. पण धाकटी मुलगी अवघी दोन वर्षांची होती. मोठी झाल्यावर तिला अब्बा कसे दिसत होते हे कळावे, एवढ्यासाठी एखादी तसवीर कपाटात असावी, असे आईला वाटे. होता तो फक्त ओळखपत्राचा फोटो. तो मोठा करून आणला. आईने हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मिस, हे तर कार्ड आहे. माणूस कुठे आहे?" फोटोत चूक काहीच नव्हती. नाक, डोळे, कपाळ, सारे जागेवर होते. सावली नव्हती, म्हणून खोली नव्हती. नियमाप्रमाणे काढलेला चेहरा नियमापुरताच उरला होता.

याच्या उलट टोकाचा फोटोही आम्ही पाहत आलो आहोत. रात्रीची वेळ, काळ्या कापडाने झाकलेले एक डोके, दोन्हीकडे पोलीस आणि समोरून मारलेला फ्लॅश. खाली वस्तीचे नाव. आत कोण आहे, पुढे न्यायालयात काय झाले, हे छापून येईलच असे नाही. पण त्या एका फ्लॅशचा उजेड सगळ्या मोहल्ल्याच्या तोंडावर पडतो. नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या मुलाने पत्ता सांगितला की समोरच्याच्या डोळ्यात तो फ्लॅश पुन्हा चमकतो. अशा वेळी सावली उचलण्याचा प्रश्न कलेपुरता राहत नाही.

रिफ्लेक्टर मला म्हणूनच आवडतो. तो स्वतःचे काही मिळवत नाही. आलेला प्रकाश परत देतो, तोही ज्या गालाला मिळाला नाही त्याला. शिक्षकाचे कामही चांगल्या दिवशी असेच असते. मुलाची स्वतःचीच हुशारी, जी घरच्या अडचणींमुळे अंधारात पडलेली असते, ती त्याला परत दाखवायची. पण ही उपमा एवढ्यावर सोडली तर ती गोड होईल आणि खोटी होईल. रिफ्लेक्टरलाही रंग असतो. ऑइलपेंटच्या हिरव्या भिंतीजवळ कोणाला बसवून फोटो काढून पाहा, गाल हिरवा येतो. भिंतीने प्रकाश परत दिला, पण स्वतःचा रंग मिसळून. आपल्याबद्दल लिहिणारे काही भले लोक सोनेरी पन्नी घेऊन येतात. बिचारी मुलगी, गरीब वस्ती, तरीही शिकते आहे! चेहरा उबदार दिसतो खरा, पण तो रंग मुलीचा नसतो, दया करणाऱ्याचा असतो. आणि जो शेजारी काळे कापड होऊन उभा राहतो, तो म्हणतो, मी कुठे काय केले? पण त्याच्या नुसत्या उभे राहण्याने गाल आणखी काळवंडतो. तटस्थपणालाही रंग असतो, आणि पुष्कळदा तो काळा असतो.

आमच्या शाळेतल्या एक ज्येष्ठ आपा या सगळ्यावर एक सरळ आक्षेप घेतात. त्या म्हणतात, "सावली उचलणे म्हणजे खुशामतच ना? जे झाकले गेले ते झाकलेले का राहू नये? आणि उद्या तू सुरकुत्याही उचलशील." आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर देण्यापूर्वी दोन उदाहरणे पाहू.

सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर (१८८२-१९६८) यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचे समजतात. चित्रातली स्त्री म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. प्रकाश एकच, हातातल्या ज्योतीचा. दुसरा हात ज्योतीच्या आड धरलेला, आणि बोटांच्या कडा लाल उजळलेल्या. खालून येणारा उजेड चेहरा भेसूर करतो, हे टॉर्च हनुवटीखाली धरून भुताचे सोंग करणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असते. इथे तो भेसूर वाटत नाही. ज्योत हाताने सांभाळली आहे आणि उजेड चेहऱ्यावर मऊ होऊन पोचतो. मागे मात्र अंधार ठेवला आहे. तो अंधार पुसला असता तर दिव्याला अर्थ उरला नसता.

दुसरे उदाहरण 'कागज़ के फूल' (१९५९) या चित्रपटाचे. गुरुदत्त यांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी स्टुडिओच्या अंधारात उजेडाचा एक मोठा झोत उतरवला. तो दिव्याचा नव्हता, सूर्याचा होता. बाहेर उन्हात एक मोठा आरसा, आत दुसरा आरसा, आणि त्यांच्यावरून परतवलेले ऊन. सूर्य एकच. जिथे तो पोचत नव्हता तिथे त्याला पोचवले, एवढेच. त्या झोताच्या भोवतीचा काळोख मूर्तींनी तसाच राहू दिला.

या दोघांनी सावलीला शत्रू मानले नाही. म्हणून आपांना माझे पहिले उत्तर असे, की रिफ्लेक्टर जे आहे तेच दाखवू शकतो. व्रण असेल तर व्रण दिसतो, सुरकुती असेल तर सुरकुती. मोबाईलमधला ब्युटी फिल्टर मात्र व्रण पुसतो, रंग गोरा करतो, हनुवटी निमुळती करतो. एकाने दडलेले दिसू लागते, दुसऱ्याने नसलेले अवतरते. पण हे उत्तर पुरेसे नाही, हेही कबूल केले पाहिजे. चारी बाजूंनी पांढरे पुठ्ठे जवळ लावले तर कोणताही फिल्टर न वापरता साठ वर्षांच्या सुरकुत्या विरघळतात. केवळ प्रकाशानेही खोटे बोलता येते. मग सीमा कुठे?

सीमा शोधण्याआधी आणखी एक अडचण पाहू, ती त्वचेच्या रंगाची. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो, साधारण अठरा टक्के प्रकाश परत देणाऱ्या करड्या रंगाचे. वर्गाच्या ग्रुप फोटोत एक मूल अगदी गोरे आणि शेजारचे सावळे असेल तर गोऱ्या चेहऱ्यासाठी जुळवलेल्या उजेडात सावळ्या मुलाचे डोळेसुद्धा नीट दिसत नाहीत. रंगीत फिल्मच्या काळात तर हे कारखान्यापासूनच होते. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे कार्ड देई, त्यावर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. काळ्या त्वचेचे बारकावे त्या फिल्मवर नीट येत नाहीत अशी तक्रार होती. पण पुढे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरची जाहिरात करणाऱ्यांनी तपकिरी छटा नीट येत नसल्याचे सांगितले, आणि त्या दबावाचा फिल्म सुधारण्यात वाटा होता, अशी नोंद आहे. माणसाच्या चेहऱ्यापेक्षा चॉकलेटचा शब्द जड ठरला!

म्हणून सर्वांवर सारखा उजेड टाकणे म्हणजे न्याय, हे मला पटत नाही. सावळ्या मुलाला मी रिफ्लेक्टरच्या जवळ उभे करते. कोणी म्हणेल, ही खास मेहेरबानी झाली. पण मोजपट्टीच जर एका चेहऱ्यावरून बनवलेली असेल, तर तिने केलेली समान मापणी समान नसते. वर्गातही हेच आहे. ज्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही त्याला शाळा सुटल्यावर अर्धा तास बसू देणे हा इतरांवर अन्याय नाही.

आता सीमेकडे. आपल्या समाजात तसवीर काढावी की नाही यावर दोन मते आहेत आणि मी फतवा देणारी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तचे मुफ्ती असलेले मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी यावर एक पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे असे, की कॅमेऱ्याने काढलेले चित्र ही नवी निर्मिती नव्हे, विशिष्ट साधनाने सावली रोखून धरणे आहे. अनेक आलिमांना हे मान्य झाले नाही. पण दोन्ही बाजूंची काळजी एकच आहे, माणसाने मुसव्विर होण्याचा दावा करू नये. चेहरा घडवणे हे आपले काम नाही. कॅमेरा हातात घेणाऱ्याने ही काळजी मनावर घेतली तर त्याला अर्धी सीमा मिळते. दाखवावे, घडवू नये.

उरलेली अर्धी सीमा समोर बसलेल्या माणसाकडे असते. सावल्या दोन प्रकारच्या असतात. एक, जी दुसऱ्यांनी लावलेल्या उजेडामुळे त्याच्यावर पडली. दुसरी, जी त्याने स्वतः राखली. पहिली उचलणे हे आपले कर्तव्य आहे. दुसरीला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. नकाब घेणारी मुलगी फोटो नको म्हणते तेव्हा तिच्यासमोर कितीही सुंदर प्रकाशयोजना केली तरी ती जबरदस्तीच. एखाद्या आजीला भाजलेल्या गालाची बाजू अंधारात हवी असते. ती खोटे बोलत नाही, गप्प राहते. गप्प राहण्याचा तिला हक्क आहे.

आणि सावली कोणती हे ओळखायचे कसे? विचारून. आजचा कॅमेरा लगेच फोटो दाखवतो. तो आधी समोरच्या माणसाला दाखवावा आणि विचारावे, हे तुम्ही आहात ना? मी पाहिले आहे, बहुतेक लोक गोरे करा असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, डोळे दिसू द्या.

पण जो म्हणतो, रिश्त्यासाठी फोटो हवा आहे, दोन छटा उजळ करा, त्याचे काय? इथे तिसरा माणूस येतो, फोटो पाहणारा. त्याचाही हक्क आहे. गवाहीचा नियम इथे उपयोगी पडतो. साक्षीदाराने जे सांगणे गरजेचे नाही, ते सांगितले नाही तर चालते, पण जे नव्हते ते होते म्हणून सांगितले तर तो खोटा ठरतो. म्हणून बसणाऱ्याच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट सावलीत ठेवता येते. नसलेला रंग मात्र त्याच्या सांगण्यावरूनही आणता येत नाही. चेहरा ही त्याची अमानत आहे, आणि पाहणाऱ्याचा विश्वास ही दुसरी अमानत. एक सांभाळताना दुसरीत खयानत होऊ नये.

आपांना माझे उत्तर एवढेच आहे. त्यांचे समाधान झाले असे नाही. त्या म्हणतात, दोन्ही सावल्या प्रत्येक वेळी वेगळ्या करता येतीलच असे नाही. ते खरे आहे. स्त्रीने राखलेली सावली आणि तिच्यावर लादलेली सावली यांतली रेघ कित्येकदा तिच्या घरातल्यांनाही दिसत नाही. पण रेघ पुसट आहे म्हणून ती नाहीच, असे म्हणता येणार नाही.

मोठे फ्लॅश आपल्यापैकी फार थोड्यांच्या हातात असतात. ते वर्तमानपत्रांकडे, वाहिन्यांकडे, सरकारांकडे असतात. कुठून मारायचे हे तेच ठरवतात. पण लहानमोठा पांढरा पुठ्ठा प्रत्येकाकडे आहे. कोणाच्या कोणत्या बाजूला तो धरायचा, किती जवळ धरायचा, आणि त्याच्यावर आपला रंग चढलेला नाही ना, हे पाहणे आपल्या हाती आहे. ज्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांनी निदान एवढे करावे. त्यांना एका सकाळी खिडकीजवळ बसवावे, दुसऱ्या बाजूला धुतलेली चादर धरावी, आणि आधी विचारावे, काढू का? नको म्हणाले तर चादर घडी करून ठेवावी. हो म्हणाले तर घाई करू नये.